पील केल्यानंतरचे पंधरा दिवस : खान्देशच्या उन्हात चेहरा कसा जपावा

चोपडा, यावल, रावेर, अमळनेर अशा गावांहून जळगावला त्वचेच्या उपचारासाठी येणारी मंडळी सकाळच्या एसटीने निघतात आणि दुपारच्या एसटीने परततात. त्यामुळे चेहऱ्यावर केमिकल पील करून ती दवाखान्याच्या पायऱ्या उतरतात, तेव्हा ऊन नेमके डोक्यावर असते. एका त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात मी बरीच वर्षे मदतनीस म्हणून काम करत आहे आणि रुग्णांना घरी जाताना सूचना देण्याचे काम माझ्याकडे असते. या काळात एक गोष्ट मला पक्की कळली आहे. आत खुर्चीवर जे होते ते दहा-पंधरा मिनिटांचे काम असते, पण चेहरा उजळणार की काळवंडणार हे बाहेर पडल्यानंतरच्या पंधरा दिवसांत ठरते. पहिल्यांदाच पील करून घेणाऱ्यांसाठी मी हा लेख लिहीत आहे. मायक्रोडर्माब्रेजन, म्हणजे यंत्राने त्वचेचा वरचा थर घासून काढण्याचा उपचार, करून घेतलेल्यांनाही यातील बहुतेक सूचना लागू पडतात.

पील म्हणजे नेमके काय होते

आपल्या त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात मृत पेशी एकमेकींना घट्ट चिकटून बसलेल्या असतात. खालून नव्या पेशी वर येतात आणि वरच्या गळून पडतात. हे चक्र तरुण माणसात साधारण २८ दिवसांचे असते आणि वय वाढते तसे ते लांबते. ग्लायकोलिक, लॅक्टिक, मँडेलिक किंवा सॅलिसिलिक आम्ल ठरावीक प्रमाणात आणि ठरावीक वेळ लावले, की या पेशींची आपसातील पकड सुटते. वरचा थर लवकर निघून जातो आणि खालची नवी त्वचा वर येते. मुरमांचे डाग, वांग, चेहऱ्याचा खडबडीतपणा यांसाठी हा उपचार केला जातो, तो यामुळेच.

ही नवी त्वचा मात्र काही दिवस उघडी पडलेली असते. पाणी धरून ठेवण्याची तिची ताकद कमी झालेली असते आणि उन्हापासून स्वतःला वाचवण्याची तयारीही अपुरी असते. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये ऊन लागल्यावर त्वचा कशी वागते यावरून तिचे प्रकार मांडले. पुढे त्यांची संख्या सहा झाली आणि आपल्याकडील बहुतेकांची त्वचा त्यांतील चौथ्या किंवा पाचव्या प्रकारात मोडते. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी फार तत्पर असतात. त्वचेला इजा झाली, ती चिडली किंवा भाजली, की त्या जास्तीचे मेलॅनिन बनवतात आणि लाली ओसरल्यावर मागे तपकिरी डाग उरतो. असा डाग जायला कित्येक महिने लागू शकतात. डाग घालवायला आलेला माणूस नवा डाग घेऊन परत येतो, तो बहुधा याच कारणाने. पुढची प्रत्येक सूचना या एका धोक्याकडे पाहूनच दिलेली आहे.

दिवस निवडताना

काळजीची सुरुवात पीलच्या आधीच होते. जळगाव आणि भुसावळचा पारा एप्रिल-मे महिन्यांत ४५ अंशांच्या आसपास जातो हे वेगळे सांगायला नको. नेमक्या याच दिवसांत लग्नाची दाट तीथ असते आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, त्यामुळे ‘सणाआधी चेहरा नीट करून द्या’ अशी मागणीही याच दिवसांत सर्वाधिक येते. ज्यांना थांबणे शक्य आहे त्यांनी थांबावे, असे मी मनापासून सांगते. दिवाळी आटोपल्यापासून महाशिवरात्रीपर्यंतचा काळ खान्देशात पीलसाठी सर्वांत सोयीचा असतो. एकाहून अधिक बैठका लागणार असतील, तर पहिली बैठक नोव्हेंबरमध्ये घ्यावी, म्हणजे ऊन तापण्याआधी उपचाराचा मोठा भाग उरकतो. शेतात दिवसभर राबणाऱ्या, बाजारात उघड्यावर बसणाऱ्या किंवा मोटारसायकलवर गावोगाव फिरणाऱ्या माणसाने आपले काम डॉक्टरांना आधी सांगावे. कपाशीची वेचणी चालू असताना पील करून घेणे योग्य नव्हे, कारण सावलीत थांबा हा सल्ला त्या दिवसांत पाळता येत नाही.

घरात लग्न असेल, तर नवरीची शेवटची बैठक हळदीच्या किमान एक महिना आधी झालेली असावी. अहिराणीत आपण जिला ‘हयद’ म्हणतो ती हळद मंगल खरी, पण सोललेल्या चेहऱ्यावर ती चुरचुरते आणि काहींना तिची ॲलर्जीही येते. घरच्या वडीलधाऱ्यांना हे आधी समजावून सांगावे आणि हळद हातापायांना लावून विधी पूर्ण करावा. प्रेमाने सांगितले तर कोणी मोडता घालत नाही, असा माझा अनुभव आहे.

डॉक्टरांपासून काही गोष्टी लपवू नयेत. गरोदरपण, ॲस्पिरिनची ॲलर्जी, ओठांभोवती पूर्वी येऊन गेलेले पाण्याचे फोड, मुरमांसाठी चालू असलेल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या आणि चेहऱ्यावर लावत असलेले कोणतेही मलम यांची माहिती त्यांना द्यावी. मलमाचे नाव आठवत नसेल तर ट्यूब सोबत आणावी.

घरी परतताना

पीलच्या दिवशी येतानाच मोठ्या काठाची टोपी, सुती ओढणी किंवा बागायती रुमाल, गॉगल आणि पाण्याची बाटली सोबत ठेवावी. उपचार संपल्यावर दवाखान्यात मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन लावून देतात. सनस्क्रीन त्वचेवर नीट बसायला पंधरा-वीस मिनिटे लागतात, तेवढा वेळ पंख्याखाली बसूनच बाहेर पडावे.

शक्य असेल तर दुपारची गाडी सोडून संध्याकाळची घ्यावी. दुपारीच निघावे लागले, तर एसटीत बसण्याची जागा विचार करून निवडावी. जळगावहून चोपड्याकडे, म्हणजे उत्तरेला, जाणाऱ्या गाडीत दुपारनंतरचे ऊन डाव्या खिडक्यांतून येते, म्हणून उजवीकडे बसावे. धुळ्याकडे, म्हणजे पश्चिमेला, जाताना हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हाही उजवी बाजूच बरी. खिडकीची काच बंद आहे म्हणून निर्धास्त राहू नये. अतिनील किरणांपैकी त्वचा भाजणारे यूव्हीबी किरण काच बऱ्याच अंशी अडवते, परंतु त्वचा काळवंडवणारे यूव्हीए किरण तिच्यातून आत येतात. चारचाकीतून जाणाऱ्यांनाही हे लागू आहे.

दुचाकीवर मागे बसून जाणाऱ्या मुली ओढणी चेहऱ्याला करकचून गुंडाळतात. एरवी ती सवय चांगली आहे, पण पीलच्या दिवशी ओढणी घट्ट बांधली की घाम आत कोंडतो आणि कापड गालावर घासत राहते. त्यासाठी मऊ, धुतलेले सुती कापड सैल घ्यावे आणि हेल्मेटची काच खाली ओढावी. धुळीच्या रस्त्याने हाच उपाय दुहेरी कामाचा ठरतो.

पहिले दोन दिवस

चेहरा थोडा लाल दिसेल, ओढल्यासारखा वाटेल आणि किंचित चुरचुरेल. वरवरच्या पीलनंतर हे अपेक्षित असते आणि एक-दोन दिवसांत कमी होते. पहिल्या रात्री चेहऱ्याला कमीत कमी हात लावावा. दवाखान्यातून चेहरा धुण्याची ठरावीक वेळ सांगितली असेल तर तीच पाळावी.

धुण्यासाठी साधे, गार वाटणारे पाणी घ्यावे. गरम पाणी नको आणि फ्रीजमधले बर्फासारखे पाणीही नको. अंगाचा साबण चेहऱ्याला लावू नये, कारण साबण अल्कधर्मी असतो आणि निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. सोललेल्या त्वचेला हा फरक सोसत नाही. फेस न होणारा, सुगंध नसलेला सौम्य क्लीन्झर बोटांच्या टोकांनी हलकेच फिरवावा. आपल्याकडे पुष्कळ घरांत बोअरचे जड पाणी वापरतात. त्या पाण्याने चेहरा आणखी कोरडा पडत असेल, तर या आठवड्यापुरते चेहऱ्यासाठी पिण्याचे पाणी घ्यावे. तांब्याभर पाण्यात काम होते. पुसताना टॉवेल घासू नये. मऊ कापडाने टिपून घ्यावे आणि चेहरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावे. सेरामाइड, ग्लिसरीन किंवा पेट्रोलियम जेली असलेले साधे मॉइश्चरायझर पुरेसे असते. दिवसातून तीन-चार वेळा, किंवा चेहरा ओढल्यासारखा वाटेल तेव्हा ते लावावे. हिवाळ्यात खान्देशाची हवा कोरडी असते आणि रात्रीचा पारा कधी कधी १० अंशांच्या खाली उतरतो, त्या दिवसांत झोपण्यापूर्वी त्याचा थर थोडा जाड ठेवावा.

आता चुलीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण ऊन टाळण्याचे सगळ्यांना आठवते आणि चूल कोणालाच आठवत नाही. उष्णता आणि वाफ यांनी चेहऱ्याकडे रक्तप्रवाह वाढतो, चुरचुर वाढते, आणि ज्यांना वांग आहे त्यांचा वांग उष्णतेने गडद होतो. भरिताची वांगी काड्यांच्या जाळावर भाजताना, खापरावर मांडे करताना किंवा कळण्याच्या भाकरी थापून तव्यावर टाकताना तोंड जाळाजवळ असते. किमान तीन-चार दिवस हे काम घरात दुसऱ्या कोणाकडे द्यावे. मिरचीचेही तसेच आहे. नंदुरबारकडच्या घरांत मिरची वाळवणे, देठ खुडणे, कुटणे ही कामे हंगामात घरोघरी चालू असतात, आणि मिरचीचा हात चेहऱ्याला लागला तर चांगल्या त्वचेचीही आग होते. सोललेल्या त्वचेवर तो लागला, तर केलेला उपचार वाया जाऊ शकतो. घरातील सूनबाईने पील करून घेतली असेल, तर हे चार दिवस तिला चुलीपासून आणि मिरचीपासून सोडवण्याची जबाबदारी घरच्यांची आहे, असे मी सोबत आलेल्या सासूबाईंना किंवा यजमानांना समोर बसवून सांगते. सुटी न मिळाल्याने बिघडलेले चेहरे मी पाहिले आहेत.

घाम येईल असा व्यायाम, वाफ घेणे आणि पोहणेही या दोन-तीन दिवसांत बंद ठेवावे.

पापुद्रे निघू लागतात तेव्हा

साधारण तिसऱ्या दिवसापासून त्वचा कोरडी, किंचित काळपट आणि कागदासारखी दिसू लागते. तोंडाभोवती आणि नाकाच्या कडांशी पापुद्रे सुटतात. हा काळपटपणा पाहून पुष्कळ जण घाबरतात, परंतु तो गळून पडणाऱ्या थराचा रंग असतो. वरवरच्या पीलमध्ये पाचव्या ते सातव्या दिवसापर्यंत हा थर निघून जातो. काहींच्या चेहऱ्यावर पापुद्रे दिसतही नाहीत, त्यामुळे साल निघाली नाही म्हणजे पील लागू पडली नाही असे समजू नये.

या दिवसांतील सर्वांत मोठा मोह म्हणजे सुटलेला पापुद्रा ओढून काढणे. तो एका टोकाला सुटलेला असला तरी दुसऱ्या टोकाला जिवंत त्वचेला चिकटलेला असतो. ओढला की तेथे ओली जखम होते आणि त्या जागी, बरोबर त्याच आकाराचा, डाग राहतो. लोंबणारा पापुद्रा फारच खुपत असेल, तर स्वच्छ धुतलेल्या छोट्या कात्रीने सुटलेला भाग तेवढा कापावा. बाकीच्यावर मॉइश्चरायझर लावून तो आपोआप गळू द्यावा. खाज सुटली तर थंड पाण्यात भिजवून पिळलेले स्वच्छ कापड पाच मिनिटे ठेवावे. नखे आधीच कापून ठेवावीत, कारण झोपेत हात जातोच.

घरगुती उपायांबद्दल मला स्पष्ट लिहावे लागेल. बेसन, मुलतानी माती, मसुराचे पीठ यांचे लेप वाळताना त्वचेला ओढतात आणि काढताना घासतात. लिंबाचे प्रकरण याहून गंभीर आहे. लिंबाच्या रसात अशी द्रव्ये असतात, की ती त्वचेवर असताना ऊन लागले तर त्वचा भाजल्यासारखी होते आणि पुढे गडद डाग पडतात. खाण्याचा सोडा आणि टूथपेस्टही चेहऱ्यापासून दूर ठेवावेत. आजीच्या बटव्याचा मला आदर आहे, परंतु त्यातील उपाय धडधाकट त्वचेसाठी होते, नुकत्याच सोललेल्या त्वचेसाठी नव्हते.

पुरुषांनी पापुद्रे पूर्ण निघेपर्यंत दाढी करू नये. सलूनमध्ये दाढीनंतर तुरटी फिरवतात किंवा आफ्टरशेव्ह लावतात, तेही आणखी आठवडाभर नको म्हणून सांगावे. बायकांनी थ्रेडिंग, वॅक्सिंग आणि ब्लीच पीलच्या आधी व नंतर किमान एक आठवडा टाळावे. मेकअप पापुद्रे निघून संपल्यानंतरच करावा. कपाळाला कुंकू लावण्याची सवय असेल, तर एवढे दिवस ते चिडलेल्या जागी लावू नये.

सनस्क्रीन

सनस्क्रीन न लावता पील करून घेण्यापेक्षा पील न केलेली बरी, इतक्या ठामपणे मी हे सांगते. ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ (यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही अडवणारे) असे लिहिलेले, एसपीएफ, म्हणजे यूव्हीबीपासूनच्या संरक्षणाचा आकडा, ३० किंवा त्याहून अधिक असलेले सनस्क्रीन घ्यावे. एसपीएफ १५ साधारण ९३ टक्के, ३० साधारण ९७ टक्के आणि ५० साधारण ९८ टक्के यूव्हीबी किरण अडवते, म्हणून महागड्या मोठ्या आकड्यांमागे धावण्यापेक्षा पुरेसे लावण्याकडे लक्ष द्यावे. तर्जनी आणि मधले बोट यांच्या पूर्ण लांबीवर ट्यूबमधून एकेक रेघ काढावी. चेहरा आणि मान यांसाठी तेवढे लागते. बहुतेक लोक याच्या निम्मेही लावत नाहीत. कान, मानेची मागची बाजू आणि भांग विसरू नये.

पहिल्या आठवड्यात झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले सनस्क्रीन सहसा कमी चुरचुरते. ज्यांना वांग आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाची झाक असणारे सनस्क्रीन घ्यावे, कारण वांग केवळ अतिनील किरणांनी नव्हे तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतो. बाहेर असताना दर दोन तासांनी आणि घाम पुसल्यावर ते पुन्हा लावावे. दहा ते चार या वेळेत शक्यतो बाहेर पडू नये. हिवाळ्यातले ऊन कोवळे वाटते आणि पावसाळ्यात ढग असतात, तरी अतिनील किरण तेव्हाही पोहोचतात, फक्त त्यांचा चटका जाणवत नाही.

आठवड्यानंतर

पापुद्रे संपले, लाली गेली आणि पाणी लावल्यावर चुरचुर होईनाशी झाली, की नेहमीची औषधे सुरू करण्याचा विचार करता येतो. रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए वर्गातील मलमे), व्हिटॅमिन सी, ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक आम्लाचे फेसवॉश, बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि स्क्रब ही सर्व तोपर्यंत बंद असावीत. सुरू करतानाही ती एकदम नकोत. एक वस्तू एक दिवसाआड लावून पाहावी आणि त्रास नसेल तर चार दिवसांनी दुसरी घ्यावी. स्क्रबची तर गरजच उरलेली नसते. ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लासारखी खोलवर जाणारी पील झाली असेल, तर बरे व्हायला सात ते चौदा दिवस लागू शकतात, तेथे डॉक्टरांनी आखून दिलेला क्रमच पाळावा.

या टप्प्यावर एक चूक फार महागात पडते. चेहरा थोडा काळवंडला म्हणून मेडिकलमधून शेजारणीने सांगितलेले ‘गोरे करणारे’ मलम आणले जाते. अशा पुष्कळ मलमांत स्टिरॉइड असते. ते लावल्यावर आठ-दहा दिवस चेहरा विलक्षण छान दिसतो आणि म्हणूनच फसगत होते. पुढे त्वचा पातळ पडते, लाल होते, बारीक शिरा दिसतात, मुरमे आणि लव वाढते, आणि मलम थांबवले की चेहऱ्याची आग होते. स्टिरॉइड असलेली १४ मलमे चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नयेत, यासाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये नियम कडक केले, तरीही ती सहज हाती पडतात. डॉक्टरांनी स्वतः, ठरावीक दिवसांसाठी लिहून दिल्याशिवाय असे मलम चेहऱ्याला लावू नये.

डॉक्टरांना केव्हा फोन करावा

दुसऱ्या दिवसानंतर दुखणे कमी होण्याऐवजी वाढत असेल, पिवळसर खपल्या किंवा पू दिसत असेल, ताप आला असेल, डोळे सुजले असतील, ओठांभोवती पुंजक्याने पाण्याचे फोड आले असतील, एखाद्या जागी त्वचा ओली आणि लालभडक राहिली असेल, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. लाली आठवडाभरानंतरही टिकली असेल किंवा तपकिरी छटा दिसू लागली असेल, तरीही कळवावे, कारण काळवंडणे सुरुवातीला लक्षात आले तर लवकर आटोक्यात येते. गाव लांब आहे, भाडे लागते, रोज बुडतो, म्हणून लोक थांबतात हे मी जाणते. अशा वेळी खिडकीजवळच्या उजेडात, मेकअप किंवा फिल्टर न वापरता फोटो काढून दवाखान्याच्या नंबरावर पाठवावा आणि यायचे की नाही हे तेथून विचारून घ्यावे.

पुढची बैठक वरवरच्या पीलसाठी बहुधा दोन ते चार आठवड्यांनी असते. तोपर्यंत त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, दर चार दिवसांनी एक फोटो काढून ठेवावा आणि वहीत तीन गोष्टी लिहाव्यात. पापुद्रे कितव्या दिवशी संपले, चुरचुर किती दिवस राहिली आणि उन्हात किती वेळ जावे लागले. येताना ती वही सोबत आणावी. आम्लाचे प्रमाण वाढवायचे, तेच ठेवायचे की एक बैठक पुढे ढकलायची, हे डॉक्टर त्या नोंदी पाहून ठरवतात.